मॉरिसच्या जागी

“सापडली का वायर?” वरून ट्रेव्हर ओरडला.

“सापडली असती तर गप्प बसले असते का मी?”

सुकाणूच्या चाकामागे बोटीला एक खोल पेटी आहे. तिच्यात मी डोकं खाली नि पाय वर अशी कोंबलेली होते. नाकात डिझेलचा वास, बरगडीत पंपाचं टोक आणि पोटऱ्यांवर ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग बंदराचं ऊन. बोटीवर अशा पुष्कळ जागा असतात, जिथे एकच माणूस मावतं, आणि ते माणूस म्हणजे मी. नवऱ्याचं पोट त्या भोकातून जात नाही. ते कधी जाईल ही आशाही मी सोडून दिली आहे.

मॉरिस मेला होता, त्याच्या जागी नवा बसवायचा होता. मॉरिस म्हणजे आमचा ऑटोपायलट. चाकाच्या मध्यावर बसवलेली जाडजूड प्लास्टिकची चकती, आत मोटर आणि पट्टा. खटका दाबला की चाक आपलं आपण वळतं, बोट ठरल्या दिशेनं जाते आणि माणसाला चहा पिता येतो. टाउनसव्हिलच्या रेल्वे कचेरीत ट्रेव्हरचा मॉरिस नावाचा साहेब होता. तो खुर्चीवरून म्हणून उठायचा नाही, त्याचं नाव आम्ही ह्याला दिलं. सगळेच बोटवाले नाव देतात. आपल्यासाठी रात्रभर जागतो त्याला “ए” म्हणून कसं चालेल?

ट्रेव्हरनं मला शब्द दिला होता. “मॉरिस आहे तोवर फिरू या, नोलीन. तो गेला की बोट विकायची आणि उतरायचं.” नऊ वर्षं मी ह्या शब्दावर काढली. तुवूंबाला डोंगरावर माझी बहीण बेव्ह राहते. तिथून समुद्र दिसतसुद्धा नाही. मागची खोली तिनं आमच्यासाठी रंगवून ठेवली होती. मला जास्त काही नको होतं हो. न हलणारी खाट, पायानं पंप न मारता येणारं नळाचं पाणी, आणि एक दार, आपटायला. बोटीवर भांडण झालं तर जाणार कुठे? पुढच्या टोकाला जाऊन बसायचं, थंडी वाजली की मुकाट्यानं परत यायचं. मग ट्रेव्हर म्हणणार, “आलीस? चहा टाक.” किती वेळा हे झालं असेल, देव जाणे.

तर मॉरिस लेडी मस्ग्रेव्ह बेटाजवळ शेवटचा कण्हला आणि त्याचा पट्टा तुटला. बंदरापर्यंत मी हातानं चाक धरलं. खांदे भरून आले, पण मनात गाणी चालली होती. पुढच्या आठवड्यात बंदराच्या कचेरीतून ट्रेव्हर एक खोकं काखेत मारून आला.

“नवा आहे. ह्याचा पट्टा म्हणे लवकर झिजत नाही.”

“आणि तुझा शब्द?”

“एकदाच गं. समुद्रापलीकडे नुमेया बेटापर्यंत. मग बघू.”

त्याच्या “मग बघू”वर डोकं आपटून काही उपयोग नसतो. त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. दोन झगे, चामड्याचे बूट, आईचा बिडाचा तवा. बॅग कपाटात कोटांमागे लपवली आणि ठरवलं, नवा बसवून द्यायचा, मग सांगायचं आणि निघायचं. चाक धरून धरून तो एकटा मरावा, इतकी काही मी दुष्ट नाही.

वायर अखेर सापडली. चाकाचा मोठा नट सोडवून मॉरिसला काढलं, नवा चढवला. खालच्या खोलीत भिंतीवर त्याचं होकायंत्र बसवलं. स्क्रू मीच पिळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या मुखाशी गेलो. नव्या यंत्राला दिशा शिकवायची म्हणजे बोट सावकाश गोल गोल फिरवायची. मी चाकावर, ट्रेव्हर यंत्राच्या पडद्यासमोर. धक्क्यावरचे लोक हात हलवत होते. त्यांना वाटलं असेल, म्हातारा-म्हातारीला वेड लागलं. मला काही नवीन नव्हतं, नऊ वर्षं मी तेच करत होते.

“बावीस अंशांची चूक दाखवतंय!” ट्रेव्हर वैतागला. “जवळपास कुठेतरी लोखंड आहे. थांब, बघतो.”

तो खाली उतरला आणि मला एकदम आठवलं. ज्या भिंतीवर मी होकायंत्र बसवलं होतं, तिच्याच पलीकडे ते कपाट. आणि कपाटात तवा. समोरून मासेमारीची बोट येत होती, चाक सोडायची सोय नव्हती.

ट्रेव्हर वर आला. एका हातात बॅग, दुसऱ्यात तवा.

“हे काय आहे?”

“बेव्हकडे जातेय मी. मला आता नाही होत, ट्रेव्हर. गुदमरते मी इथे.”

“सांगणार कधी होतीस?”

“आज. हे काम झालं की.”

“जायचंच होतं तर एवढं बसवलंस कशाला?”

“तू मरशील म्हणून, मूर्खा!”

त्यानं बॅग खाली ठेवली आणि तवा हातात घेऊन पुढच्या टोकाला जाऊन बसला. तो, ट्रेव्हर! नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला मागून त्याची पाठ तेवढी दिसत होती. मला रडू आलं, पण हातातलं काम सोडून कुठे रडणार? मी बोट फिरवत राहिले. दोन फेऱ्यांनंतर पडद्यावरचा आकडा उतरला.

“चार!” मी ओरडले. “चारवर आलं, चालेल हे!”

बऱ्याच वेळानं तो आला. नाक लाल झालं होतं, वाऱ्यानं असेल नाहीतर आणखी कशानं.

“थंडी वाजली?” मी विचारलं.

“चहा टाकतो,” तो म्हणाला.

चहा पांचट होता. मी सगळा प्यायले.

“हा तवा बोटीवर नको,” तो कपात बघत म्हणाला.

“पुढच्या टोकाला ठेवला तर चालतो की. बघितलंस ना आत्ता.” माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. त्या क्षणी त्यानं नुसतं “बरं” म्हटलं असतं, तर मी राहिले असते.

त्यानं मान हलवली. “नको. पुढेही नको. तुवूंबाला घेऊन जा. मी शब्द दिला होता.”

त्यानं तवा टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवला आणि चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली, तेव्हा मी हात लावला.

वारा बरा झाला त्या सकाळी मी धक्क्यावर उभी राहून दोरी सोडली.

“नव्याचं नाव काय ठेवलंस?”

“अजून नाही ठेवलं.”

“बोलायला कुणीतरी लागेल तुला.”

“मग बघू,” तो म्हणाला.

बोट नदीच्या मधोमध गेली आणि माझ्या लक्षात आलं, खटका दाबायला हा नेहमी विसरतो. दर वेळी मागून मीच दाबायचे.

“खटका!” मी जिवाच्या आकांतानं ओरडले. “ट्रेव्हर, खटका दाबलास का?”

ऐकू गेलं असावं. तो वळला आणि त्यानं दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. त्याच्या पाठीमागे चाक थोडं डावीकडे फिरलं, मग थोडं उजवीकडे, आणि बोट सरळ निघून गेली.