खराब म्हणून सांगितलेला नळ

रंगनाथ औताडे साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर कारकून होते. निवृत्त झाल्यावर श्रीरामपुरातलं घर विकायचं आणि नेवाशाकडं आपल्या गावी मुलाजवळ जाऊन राहायचं, असं त्यांनी आणि विमलबाईंनी ठरवलं. घर साधंच होतं. तीन खोल्या, मागं मोरी आणि संडास, पुढं अंगण. पण अंगणात नगरपालिकेचा नळ होता. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला, त्यामुळं घर बघायला येणारा माणूस आधी नळाकडं जाई, भिंती मग बघे.

सहादेव गायकवाड पोस्टात कारकून होता. पस्तिशीचा, नीटनेटका, मोजकं बोलणारा. तो दोनदा घर बघून गेला, दोन्ही वेळा विमलबाईंच्या हातचा चहा प्याला. रंगनाथरावांना तो आवडला होता. 'सहादेवराव, सहादेवराव' करत त्यांनी त्याला माळ्यावरची अडगळसुद्धा दाखवली. तोंडी सगळं ठरल्यातच जमा होतं. दुसऱ्यांदा निघताना तो म्हणाला, "काका, एकच राहिलं. नळ, मोरी, संडासाची टाकी, सगळं एकदा मिस्त्रीला दाखवून घेऊ. आत्ता राहतोय त्या खोलीत भिंतीतून पाणी झिरपतं, आईचे सांधे त्यानंच धरलेत."

"घ्या की दाखवून. कुणाला आणताय?"

"माझ्या ओळखीचं कुणी नाही. तुमचा मिस्त्री असेल तोच बोलवा. तुमच्यावर विश्वास आहे."

त्या दिवशी रंगनाथरावांना या वाक्याचं फार बरं वाटलं होतं.

संध्याकाळी शेजारचे रंभाजी कडू अंगणात येऊन बसले. दोन्ही घरांनी मिळून एकच नळजोड घेतला होता. पाइप औताड्यांच्या अंगणातून यायचा आणि मधल्या भिंतीतून एक फाटा कडूंच्या घरात जायचा.

"तुम्ही जाल गावाला," रंभाजी म्हणाले. "आम्हाला इथंच राहायचंय. हे गायकवाड म्हणजे कोण, विचारलंत का?"

"पोस्टात आहेत."

"बौद्ध आहेत ते. त्यांचा हात लागलेलं पाणी त्याच पाइपानं आमच्या घरात यायचं?"

सगळ्या गावाचं पाणी एकाच टाकीतून येतं आणि त्या टाकीला कुणाकुणाचे हात लागतात ते कुणी विचारत नाही, हे रंगनाथरावांना माहीत होतं. त्यांच्या ओठांवरही ते आलं होतं. पण रंभाजींची बहीण रंगनाथरावांच्या नेवाशाकडच्या गावातच दिलेली. रंभाजी उठता उठता सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "घर विकून त्याच गावात तोंड दाखवायचंय ना तुम्हाला?" आणि रंगनाथराव त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले.

दोन दिवस रंगनाथराव घुम्यासारखे वावरले. रंभाजींना नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि सहादेवला तोंडावर नाही म्हणायचीही नव्हती. मग त्यांना एक वाट सुचली. नळच खराब आहे म्हणून सांगायचं. कुणाचं मन दुखवायला नको, कुणाशी वैर नको. सुचल्यावर त्यांना आपल्याच हुशारीचं कौतुक वाटलं, हे पुढं आठवलं की त्यांना जास्त लाज वाटे.

घर रविवारी तपासायचं ठरलं होतं. बन्सी मिस्त्रीला त्यांनी आदल्या दिवशी गाठलं. बन्सीनं सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली.

"तात्या, हा पाइप मीच टाकलाय. अजून वीस वर्षं मरत नाही तो. माझ्या तोंडून खराब म्हणून निघायचं नाही."

"तू काही बोलू नको. मी बोलतो. तू फक्त तिथं उभा राहा."

रविवारी सकाळी सहादेव आला तो आईला घेऊन. राहीबाई साठीच्या, काटक, हिरवं नऊवारी नेसलेल्या. फाटकातून आत येतानाच त्यांनी तुळशीला, अंगणाला, ओट्याला डोळ्यांनी कुरवाळून घेतलं. ओच्यातून हुरड्याची पुरचुंडी काढून विमलबाईंच्या हातात दिली. "माज्या भावाच्या रानातला हाय. लई कवळा हाय, आजच भाजा." विमलबाईंनी ती घेतली आणि नवऱ्याकडं बघितलं. रंगनाथरावांनी नजर चुकवली.

बन्सीनं मोरी बघितली, टाकीचं झाकण उचलून बघितलं, पाइपावर पान्यानं दोन ठोके दिले आणि बाजूला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात राहीबाई नळापाशी गेल्या आणि त्यांनी तोटी फिरवली. पाणी जोरात आलं. त्यांनी ओंजळ धरली, प्यायल्या, ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि लेकाकडं बघून हसल्या.

"गार हाय रं! गोड हाय. हितं घागर बसल बग, अन् हितं कळशी."

मधल्या भिंतीपलीकडं रंभाजी उभे होते. त्यांचं डोकं दिसत होतं.

रंगनाथराव खाकरले. "गायकवाड," ते म्हणाले. सहादेवनं चमकून वर बघितलं. आजवर ते त्याला सहादेवराव म्हणत होते. "गायकवाड, वाईट वाटतं सांगायला. मिस्त्रीनं बघितलं. पाइप आतून कुजलाय. मोरीखाली पाणी मुरतंय, उद्या भिंत खचायची. सगळं उकरून नवं करावं लागेल. तुम्हाला फसवून घर गळ्यात मारायला माझं मन धजत नाही."

सहादेव बन्सीकडं वळला. "मिस्त्री, असं आहे?"

बन्सी खाली बसून चिंधीनं पाना पुसू लागला. पाना कोरडाच होता.

सहादेवनं पाइपाकडं बघितलं, तोटीतून अजून पडणाऱ्या पाण्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या त्या डोक्याकडं. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. रंगनाथरावांना ते स्पष्ट दिसलं. तरी त्यांनी तोंडावरचं खोटं दुःख तसंच धरून ठेवलं.

राहीबाई पुढं आल्या. "मग त्यात काय, भाऊ! दुरुस्त करू की. दुष्काळात खडी फोडायला गेल्तो तवा टँकरच्या तळाचं पानी पिलंय आमी, चिखलावानी. ह्यो तर लई चांगला नळ हाय."

"नको बाई. फार काम निघेल."

"आई, चल," सहादेव म्हणाला. आवाज शांत होता. "काका खराब म्हणतायत ना, मग खराबच असेल."

राहीबाईंनी तोटी बंद केली. घट्ट बंद झाली का, ते पुन्हा एकदा बघितलं. मग रंगनाथरावांपुढं येऊन त्यांनी हात जोडले.

"भाऊ, भला मानूस हायेस तू. लोक झाकून इकत्यात. तू सोताचं नुसकान करून खरं सांगितलंस. तुजं चांगलं व्हईल."

रंगनाथरावांचेही हात आपोआप जोडले गेले.

दोघं गेल्यावर बन्सी न बोलता निघाला. मजुरीला हात पुढं केला नाही. भिंतीवरून रंभाजी म्हणाले, "बरं निपटलंत." हुरडा फडताळात तसाच राहिला. विमलबाईंनी तो भाजला नाही, टाकलाही नाही. काही दिवसांनी त्याला बुरशी आली.

त्यानंतर रंगनाथराव पोस्टात जायचं टाळू लागले. कार्ड, पाकिटं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागवायचे. एकदा मनिऑर्डरसाठी जावंच लागलं. खिडकीत सहादेव होता. त्यानं फॉर्म घेतला, शिक्का मारला, पावती दिली आणि म्हणाला, "पुढचे या." रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी ते उठले आणि विचारत विचारत स्टेशनमागच्या चाळीत गेले. सहादेवला सगळं सांगायचं, घर अजून विकलेलं नाही, हवं तर घे म्हणायचं, असं त्यांनी वाटेभर मनाशी घोकलं होतं. पण सहादेव घरी नव्हता. दारात राहीबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या, शेजारची एक बाई जवळ बसली होती.

"या या, भाऊ!" राहीबाईंनी लगबगीनं घोंगडी टाकली. शेजारणीला म्हणाल्या, "गोजरबाई, म्या सांगितलं न्हवं का? ह्येच ते. सोताचं घर इकायला काडलं अन् सोताच म्हनले, बाई, नळ कुजलाय, घिऊ नका. आसं मानूस आजकाल घावतं का?"

गोजरबाईंनी आदरानं मान हलवली. तिळगुळाची वाटी पुढं आली. आतली भिंत कंबरेपर्यंत ओलीनं काळी पडलेली रंगनाथरावांना दिसत होती.

"असं म्हणू नका, बाई," ते म्हणाले. "नळ चांगला होता."

राहीबाईंचा हात सुपावर थांबला.

"पाइप चांगला होता. मोरी चांगली होती. शेजाऱ्यानं सांगितलं, बौद्धांना देऊ नका. मला नाही म्हणवलं नाही. म्हणून मी खोटं बोललो. घर अजून तसंच आहे, तुम्हाला हवं असेल तर..."

गोजरबाई उठून आपल्या दारी गेल्या. राहीबाईंनी सुपातले दाणे बोटांनी सारखे केले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मी तोटीला हात लावला हुता. मागनं तुमी ती धुतली का?"

त्या रविवारी मायलेक वळणावर पोचले असतील नसतील, तोच रंभाजींची बायको राख आणि चिंचेचा कोळ घेऊन आली होती. तिनं तोटी घासघासून लख्ख केली होती. विमलबाई आत निघून गेल्या होत्या. रंगनाथराव मात्र ओट्यावर उभं राहून सगळं बघत होते. आपण स्वतः तर नाही ना धुतली, असं त्यांनी मनाला समजावलंही होतं.

आता त्यांची नजर खाली गेली. त्यातच राहीबाईंना उत्तर मिळालं. त्यांनी पदर पुढं ओढला, सूप उचललं आणि आत गेल्या. आत जाऊन त्या ओल्या भिंतीकडं तोंड करून पाखडायला बसल्या. सुपाचा आवाज मात्र येत नव्हता.

सहादेव सायकलवरून आला तेव्हा रंगनाथराव अजून दारातच उभे होते. त्यानं आईची पाठ बघितली आणि एका नजरेत काय झालं ते ओळखलं. रंगनाथरावांना तो चाळीच्या टोकापर्यंत घेऊन गेला.

"सांगितलंत तिला?"

"मला राहवेना, सहादेवराव. मन खात होतं."

"मला त्याच दिवशी कळलं होतं." त्यानं सायकलची मूठ घट्ट धरली होती. "तिला मी कळू दिलं नव्हतं. तिनं जन्मभर हेच बघितलंय. एकदा कुणीतरी आपल्याशी खरं वागलं, एवढ्यानंच ती खूश होती. चाळभर सांगत फिरत होती. तुम्हाला मोकळं व्हायचं होतं तर पोस्टात यायचं होतं. मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं असतं. तिच्यापुढं कशाला मोकळे झालात?"

"मी म्हणत होतो, घर अजून..."

"नको, काका. त्या नळाखाली ती पुन्हा ओंजळ धरेल असं वाटतं तुम्हाला?"

सहादेव सायकल वळवून चाळीत परत गेला.

उन्हाळ्यात घर एका बियाणं विकणाऱ्या व्यापाऱ्यानं घेतलं. त्यानं मिस्त्री आणला नाही, तोटी फिरवून बघितली आणि व्यवहार उरकला. रंभाजींनी नव्या शेजाऱ्याला पेढे दिले. औताड्यांच्या घरीही द्रोणात दोन पाठवले. विमलबाईंनी द्रोण जसाच्या तसा परत पाठवला. नवऱ्याला त्यांनी विचारलं नाही आणि नवऱ्यानंही का म्हणून विचारलं नाही.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी रंगनाथराव पत्ता बदलल्याचा अर्ज घेऊन पोस्टात गेले. रांग मोठी होती. सहादेवनं अर्ज वाचला, एका ठिकाणी अक्षर लागत नव्हतं ते विचारून घेतलं आणि स्वतः सुवाच्य करून लिहिलं.

"पत्रं गावच्या पत्त्यावर जातील," तो म्हणाला. "आणखी काही?"

आईची तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचं होतं. पण त्या बाईचं नाव घ्यायला आपल्याला तोंड उरलेलं नाही, हे रंगनाथरावांना खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळलं.

"नाही," ते म्हणाले. मागच्या माणसानं त्यांच्या खांद्यावरून आपलं पाकीट पुढं केलं. ते बाजूला झाले.