सकाळी सातचा उतारा

लेखक मरतो, पण त्याचा शब्द अमर असतो. आमच्या प्रकाशनसंस्थेत मात्र शब्द लाल पेन्सिलीने मरत, आणि ती पेन्सिल माझी होती. मी मुद्रितशोधक, काटछाटही माझ्याकडेच.

आमचे ज्येष्ठ लेखक, सर, जाऊन महिना झाला होता. तरी त्यांच्या फेसबुक खात्यावर रोज सकाळी सातच्या ठोक्याला एक उतारा पडे. खाली आम्ही छापलेल्या त्यांच्या शेवटच्या कादंबरीचं नाव. मालक खवळले.

"मेलेला माणूस फुकट वाटतोय, म्हणून जिवंत माणसं विकत घेईनाशी झालीत!"

जिवंत माणसं आधीही घेत नव्हती, पण हे बोलून नोकरी कोण घालवणार? वकिलांनी नोटीस काढली. ती रीतसर खातेदाराच्या, म्हणजे सरांच्याच नावे गेली. उत्तर आलं नाही. मग खातं बंद पाडायची तक्रार ठरली. तिला पुरावा म्हणून पुस्तकातली पानं जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

चाळीस उतारे झाले होते. पुस्तकात एकही सापडेना. बाराव्याशी मी थांबलो. बंद घराच्या चाव्या पुन्हा पुन्हा मोजणारी बाई. हस्तलिखितात तिच्या समासात मीच लिहिलं होतं, "अनावश्यक." मागचेपुढचे सगळेच मी कापलेले, त्याच क्रमाने. उद्याचा कोणता, हेही मला माहीत होतं. तो कानात सरांच्या आवाजात सुरूसुद्धा झाला.

मी सरांच्या घरी, काकूंकडे गेलो.

"दवाखान्यात जायच्या आधी ह्यांनीच लावून ठेवलेत," काकू म्हणाल्या. "रोज एक, आपोआप पडेल असा. चहाच्या वेळेला वाचून दाखवायचे ना, तसंच वाटतं रे. तेवढं बंद पाडू नका."

"किती उरलेत?"

"मला काय विचारतोस? कापलेस तू."

मी मान खाली घालून चहा संपवला.

अहवालात लिहिलं : करारानुसार आपले हक्क छापलेल्या मजकुरापुरते. हा मजकूर आपण छापलेला नाही.

"मग कापलास कशाला, शहाण्या?" मालक कडाडले. "लोक वाचतायत तो!"

तक्रार बारगळली. दुसऱ्या दिवशी सातला एक्केचाळिसावा पडला.

तो तिघांनी वाचला. काकूंनी, मी आणि मालकांनी.