दारावरचा हात

कापसाच्या जिनिंगच्या फाटकात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. कुंभार पिंपळगावाहून दोन बैलगाड्या भरून आल्या होत्या, आणि त्यांतल्या म्हाताऱ्यांनी उतरायच्या आधीच हात जोडल्यामुळे पहिला नमस्कार बैलांच्या शेपटांना पोचला होता. आवाराच्या मधोमध, लिंबाखाली, जिनिंगचे मालक रामराव यांची काळी मोटार उभी होती. दिव्यांना झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू. आणि मागच्या डाव्या दारासमोर, मृगाजिन अंथरून, भुजंगबाबा.

"शंका हाय कुणाला?" बाबा गरजले. "असंल त्यानं पुढं यावं. हे घ्या साधं पाणी. मारा दारावर!"

एक धीट गडी पुढे झाला. बाबांनी पुढे केलेला पितळी लोटा त्याने दारावर रिकामा केला. पाणी सपाट ओघळून गेलं. काळं दार काळंच राहिलं.

"दिसलं काही?"

"न्हाई, बाबा."

"दिसंल कसं? साधं पाणी मुकं असतंय! आता हे बगा. सात नद्यांचं, सात अमावास्यांचं, सात..." तिसरं सात कशाचं ते बाबांना आठवेना, तेव्हा त्यांनी "ॐ फट्" म्हटलं आणि कमंडलू उपडा केला.

पाणी दारभर पसरलं, आणि पसरता पसरता एका जागी आखडलं. तिथे बारीक बारीक थेंब गोळा झाले, आणि थेंबांचा हात झाला. पाच बोटं, चिमुकला तळवा. सात वर्षांच्या पोरीचा उजवा हात.

गर्दीतून हुंदका उठला. ओसरीच्या पायरीवर बसलेल्या द्वारकाबाई, त्या पोरीच्या आई, उठल्या, दारापाशी गेल्या, आणि त्या हाताला हात न लावता, नुसते तळवे जवळ धरून उभ्या राहिल्या. चुलीशी शेकावं तशा.

सगळ्यांच्या मागे, खांद्यावर फलालीनचं फडकं टाकून, फकरोद्दीन उभा होता. त्याला तो हात ओळखीचा होता. किंबहुना, तो त्याच्यासमोरच लागला होता.

फकरोद्दीन रामरावांचा ड्रायव्हर. बारा वर्षं मोटार त्यानेच हाकली आणि त्यानेच सांभाळली. नव्या जालन्यात तेव्हा मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, पण रामरावांची मोटार स्टेशनाजवळून गेली की माणसं तिच्यात बघून पटका नीट करायची. ही त्याची कमाई. दर दसऱ्याआधी तो आठ दिवस मोटारीला देई. टर्पेन्टाइनच्या बोळ्याने जुनं मेण उतरवायचं, खडूच्या वस्त्रगाळ पुडीने रंगावरचे ओरखडे घासून घालवायचे, सोड्याच्या पाण्याने धुवायचं, आणि शेवटी मधमाशीच्या मेणाचा स्वतः वितळवून केलेला लेप. फडक्याने गोल गोल चोळायचा, आपला चेहरा दिसेपर्यंत. "मेण म्हंजे रंगाचं पांघरूण," तो सांगे. त्या पांघरुणावर पाणी ठरत नाही, गोळ्या होऊन घरंगळतं.

हे ऐकायला एकच शागीर्द होती. रामरावांची उषा.

त्या वर्षी सगळी मोटार झाली होती, फक्त मागचं डावं दार राहिलं होतं. जुनं मेण उतरवून, धुऊन, तो लेपाचा डबा उघडत होता, तोच उषाने पंजा डब्यात बुडवला आणि दारावर ठेवला.

"अगं, काय करून राह्यली!"

"चाचा, दसऱ्याला आई हळदीचा हात लावू देत न्हाई. मोटार खराब होती म्हणती." ती खुसखुसली. "हा माझा गुपचूप हात. दिसतो का?"

त्याने फडक्याने अलगद टिपून घेतलं. दिसत नव्हता. मग त्याने ओंजळभर पाणी मारलं, आणि थेंबाथेंबांचा हात उगवला. पोरगी नाचली. पुन्हा मार, पुन्हा मार, असं सतरा वेळा झालं.

"उद्या सगळ्या दाराला मेण लागलं की तुझा हात बुडाला बरं का," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तिला थंडी भरून आली. पाचव्या दिवशी ती गेली. मोटारीवर चादर पडली, आणि दार तसंच राहिलं. फकरोद्दीनच्याने पुढे हात लावणं झालं नाही.

महिन्याने कापसाचा हंगाम लागला, रामरावांना बाहेर पडणं भाग होतं. फकरोद्दीनने मोटार काढली, धुवायला पाणी मारलं, आणि नेमक्या द्वारकाबाई ओसरीवर आल्या. त्यांनी हात पाहिला. "मी लावू दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "मी लावू दिला न्हाई, तर तिनं येऊन लावला." आणि त्या हसल्या. महिनाभर ज्या बाईने घास गिळला नव्हता, ती हसली, आणि त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली.

फकरोद्दीन सांगायला तोंड उघडत होता. त्याने ते मिटलं.

"तुमकू मालूम है ना?" रात्री मैमूनाने, त्याच्या बायकोने, विचारलं. "फिर बोलते कायकू नै?"

"बोलून काय करू? तिची लेक परत मारू?"

मैमूनाने भाताची परात पुढे सरकवली.

तिसऱ्या दिवशी भुजंगबाबा आले. अशी माणसं कुणी बोलावून येत नाहीत. गुळाच्या ढेपेवर मुंगळ्याला कोण आवतण देतं? बाबा पैशाला शिवत नसत, फक्त साजूक तुपाला शिवत, आणि तेही वाटीने. रामराव व्यवहारी गृहस्थ, त्यांना हे पटत नव्हतं. पण बायको जेवू लागली होती, ओव्या म्हणत होती. "राहू द्या चार दिवस," ते फकरोद्दीनला म्हणाले. चार दिवस राहू द्यायला काय जातं, असं दोघांनाही वाटलं.

आणि मग लोट्याचा खेळ सुरू झाला. साध्या पाण्याने हात उमटत नाही, बाबांच्या पाण्याने उमटतो. हे पाहून फकरोद्दीन चक्रावला. मेणाचा हात असेल तर कुठल्याही पाण्याला दिसला पाहिजे. पण आपण दिलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी बाबा दाराला लावू देत नव्हते. मग बारा वर्षं मेण चोळून आपल्याला मेण कळलं नाही म्हणायचं? का खरंच पोरगी...? ज्याला ठाऊक होतं तोच चळला, तिथे पिंपळगावच्या म्हाताऱ्यांना काय बोल लावायचा!

दहाव्या दिवशी धाकट्या धर्मराजाला हुडहुडी भरली. चार वर्षांचं पोर, बहिणीसारखंच दात वाजवू लागलं. रामरावांनी डॉक्टरला आणलं. डॉक्टरने कोयनेल दिलं, हिवतापावरच्या कडू गोळ्या. "एक बी मात्रा चुकवायची न्हाई. मोठीच्या वेळी उशिरा बोलावलंत."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कमंडलू उपडा केला, तर हात फिका आला. करंगळी नव्हतीच.

द्वारकाबाई किंचाळल्या.

बाबांनी डोळे मिटले. "घरात कडू आलंय. कडू आलं की आत्मा जातोय, माय. लेक तुमची भावाला बरं करायला उभी हाय, अन् तुमी तिला औषधानं हाकलून राह्यल्या."

कोयनेलच्या गोळ्या द्वारकाबाईंनी त्याच संध्याकाळी चुलीत टाकल्या, आणि रामरावांना सांगितलं, देते म्हणून. दारावरून ओघळणारं पाणी त्या वाटीत धरू लागल्या आणि पोराच्या ओठांना लावू लागल्या. एक दिवस, दोन दिवस. पोर एक दिवस तापे, एक दिवस उतरे. उतरलं की बाबा म्हणत, बघा! आणि चढलं की म्हणत, बघा!

पाचव्या दिवशी गर्दी जेवायला पांगली, तेव्हा फकरोद्दीन मोटारीखालची फरशी पुसायला वाकला. दाराखालच्या फटीत पांढरं काही तरी होतं. फेस. बारीक, न फुटणारा फेस. त्याने बोट बुडवलं, जिभेला लावलं. कडू. बोटं एकमेकांवरून बुळबुळली.

रिठा! मैमूना लोकरीची शाल धुते, तो रिठा.

तो तिथेच उकिडवा बसून राहिला. रिठ्याचं पाणी मेणावर आखडत नाही, मेणालाही भिजवतं. लोट्यात रिठा, म्हणून हात दिसत नाही. कमंडलूत निव्वळ विहिरीचं पाणी, म्हणून दिसतो. आणि दिवसातून दहा वेळा रिठा मारला, शंभर माणसांनी बोटं घासली, तर मेण झिजणार नाही? हात फिका पडणारच. कोयनेल दिलं तरी आणि न दिलं तरी.

तेवढ्यात ओसरीवरून द्वारकाबाई वाटी घेऊन येताना दिसल्या, आणि त्याला एकदम कळलं की ही वाटी कुणासाठी आहे आणि तिच्यात काय जातं आहे.

"बाईसाहेब, गोळ्या देता ना धर्माला?"

त्यांनी वाटी पदराखाली घेतली.

फकरोद्दीन मोठ्याने बोलणारा माणूस नव्हे. पण त्या दुपारी त्याचा आवाज फाटकाबाहेर गेला. "मालक! बाहेर या! जल्दी या!"

जेवणं टाकून माणसं आली. फकरोद्दीनने मोटारीचं उजवं दार सगळ्यांदेखत टर्पेन्टाइनने पुसलं, सोड्याने धुतलं. मेणाच्या डब्यात आपला पंजा बुडवला, दारावर ठेवला, फडक्याने टिपला.

"दिसतं काही?"

"न्हाई."

त्याने विहिरीची बादली ओतली. दारावर थेंबांचा दांडगा पंजा उठला, अंगठ्याच्या जुन्या व्रणासकट.

मग पिंपळगावची एक म्हातारी म्हणाली, "अगं बया! अन् ह्यो तर जित्ता उभा हाय!"

"जित्ताच हाय, आजी. मेलो न्हाई, मंतर बी येत न्हाई. हे मेण हाय, मोटारीला लावतो ते. आता बाबांचा साधा लोटा आणा."

"त्याला हात लावू नका! भस्म व्हाल!" बाबा ओरडले.

"होऊ द्या," म्हणत रामरावांनीच लोटा उचलला आणि पंजावर मारला. पंजा गेला. खाली फरशीवर फेस चढला. एकाने मृगाजिन उचललं, तर खाली फडक्यात बांधलेली रिठ्याची फळं.

"कलियुग! घोर कलियुग!" बाबा म्हणाले. मग त्यांच्या पोटात कळ आली. ते टमरेल घेऊन रेल्वेच्या रुळाकडे गेले, ते गेलेच. टमरेल पण रामरावांचंच होतं.

लोक हसले. फकरोद्दीन हसला नाही. तो द्वारकाबाईंकडे पाहत होता. त्या डाव्या दारापाशी उभ्या होत्या.

"म्हंजे हा तिचा न्हाई?"

"तिचाच हाय, बाईसाहेब. पर आत्म्याचा न्हाई. तिच्या जित्त्या हाताचा. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्यासमोर ठिवल्ता. हळदीचा लावता येत न्हाई म्हणून." त्याने खांद्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. "तिला काही मागायचं न्हाई तुमच्याकडं. ती खेळत होती. धर्माला गोळी द्या."

त्या धावत आत गेल्या. रामराव स्वतः डॉक्टरकडे धावले. कोयनेल पुन्हा सुरू झालं, बर्फ आला, पोराच्या उशाशी तीन दिवस कुणी पापणी लववली नाही. "मधल्या मात्रा मिळाल्या असत्या तर," डॉक्टर म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं नाही. चौथ्या दिवशी उजाडताना धर्मराज गेला.

पुढे पंधरा दिवसांनी फकरोद्दीन मोटारीच्या पडवीत बसला होता. द्वारकाबाई आल्या आणि उंबऱ्यापाशी टेकल्या. रडत नव्हत्या.

"फकरोद्दीनभाई, एक विचारू? तुमाला पयल्याच दिवशी ठाऊक होतं?"

"होतं."

"मंग बोलला का न्हाईत?"

त्याने किती तरी उत्तरं मनात करून ठेवली होती. मी नोकर माणूस. तुमच्या देवाधर्मात मी काय बोलू. लोट्याच्या खेळानं मलाच फसवलं. सगळी खरी होती, आणि एकही खरं नव्हतं.

"तुमी हसल्या होत्या, बाईसाहेब," तो म्हणाला. "महिन्यानं पयल्यांदा."

त्यांनी पदराने उंबऱ्यावरची धूळ झटकली.

"मला रडू द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "रडून कुणी मेलं न्हाई."

आणि उठून गेल्या.

भुजंगबाबा पुढे दुसऱ्या कुठल्या गावी दुसऱ्या कुठल्या दारासमोर बसले असतील. रिठा सगळीकडे मिळतो. त्यांच्याशी मला फारसं भांडायचं नाही, ते आपला धंदा करतात. माझं सांगणं आहे ते तुम्हा-आम्हाला, ज्यांना मेण कुठलं आणि चमत्कार कुठला हे कळतं आणि जे कुणाचं मन मोडू नये म्हणून चार दिवस थांबतात. थांबू नका. थेंब का गोळा होतात ते पहिल्याच दिवशी सांगा, जमलं तर करून दाखवा, आणि स्वतःच गोंधळलात तर फरशीवर वाकून फेस बघा. समोरचं माणूस रडेल. रडू द्या, जवळ बसा. आणि घरात लेकराला ताप असेल तर आधी दवाखान्यात न्या, मग कुणाच्या पाया पडायचं ते पडा.