वच्छलावर उतलेला बिबा

माघातलं ऊन अंगणात उतरलं की आम्ही बाया गोडंबी फोडायला बसायचो. दगडावर बिबा उभा धरायचा, वरून बेतानं ठोका. जोर जास्त झाला तर आतल्या गोडंबीचा चुरा, कमी झाला तर टरफलातलं काळं तेल नेमकं तोंडावर. हाताला कितीही राख चोळा, ते तेल कुठून तरी शिरतंच. मग कातडी लाल होते, सुजते, फोड येतात. त्याला आम्ही म्हणतो, बिबा उतला. धानोऱ्याकडच्या आमच्या गावात कोणाचा गाल सुजला तर कारण कोणी विचारत नाही.

त्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला, वच्छलाला, बिबा छातीवर उतला. उजवी बाजू लाल, गरम, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड. मी पाहिलं आणि हसले.

"काय वं, हात कुठी पुसत होती?"

"घाम पुसला असंन, बाई."

"तूनंच पुसला, का तुह्या नवऱ्यानं?"

"चूप राहा वं. भासरे बसले हायेत तिकडं." भासरे म्हणजे माझा नवरा, ओसरीवर होता.

तीळ आणि खोबरं वाटून मी लेप दिला. सासूनं मला तोच दिला होता. बिबा आठ-दहा दिवसांत बसतो. हा बसेना. मोह वेचून झाला, तेंदूपत्त्याचे दिवस आले, मी रोज वाटतच होते. तिचा नवरा इतवारी एकदा म्हणाला, "वयनी, दवाखान्यात नेऊ का?"

"बिब्याले कोन्ता डागदर हाये गा? सुई देईन अन् वापस पाठवंन. तिच्या आंगातच गरमी लय."

तो तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला गेला. घरात मोठी मी.

त्याच उन्हाळ्यात जीपमधून एक साहेब आले, सोबत एक मॅडम. शहरातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतले. त्यांना बिब्याचं तेल पाहिजे होतं. साहेब म्हणाले, "या तेलातलं द्रव्य शुद्ध करून घेतलं तर सूज उतरते. कॅन्सरची गाठही बारीक होते, असं उंदरांत दिसलंय."

"उंदराले बी होते का हा रोग?" वच्छलानं विचारलं.

"आपोआप क्वचितच होतो. आम्ही देतो."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वच्छला म्हणाली, "आमच्यावर तं सूज चढवते, सायेब. चार महिने झाले, माही उतरून नाई राह्यली."

साहेब शिश्या मोजत होते. मॅडमनं मात्र ऐकलं. तिला घरात नेलं, लेप पुसला. त्यांची बोटं काखेत गेली आणि तिथंच थांबली.

"बाई, हा बिबा नाही."

मी भांडायलाच उठले. "तुमी शिशीतला बिबा पाहाता. मी तीस वर्सं फोडून राह्यली. मले सांगता?"

त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वच्छलाला म्हणाल्या, "जीपमध्ये बस. आजच नागपूरला चल."

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" इतवारीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ते त्याचे उपकार. कॅन्सर कातडीत पसरला होता, काखेतही. ऑपरेशनची वेळ गेली म्हणाले. विजेचा शेक दिला. शेकानं कातडी काळी पडली, सोलली. वॉर्डातल्या बाया विचारत, तेव्हा वच्छला सांगे, "बिबा उतला मले." तिला त्याची गंमत वाटायची. मी तोंड फिरवून बसायची.

पुढच्या माघात साहेब एकटेच आले. वच्छला अंगणात खाटेवर होती, हात सुजून मांडीएवढा झालेला.

"सायेब," ती म्हणाली, "ते उंदराले देता, ते मले द्या ना."

"तसं देता येत नाही, बाई. आधी उंदीर, मग मोठी जनावरं, मग माणसं. दहा-पंधरा वर्षं लागतील. आणि कच्चं तेल तर विषच."

"मंग मले उंदरातच धरा."

कोणी हसलं नाही. साहेबांनी पिशवीतली रिकामी शिशी काढली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "यंदा तेल मिळेल का?"

"नाई," इतवारी म्हणाला.

"दे गा," वच्छला म्हणाली. "कोनाच्या तरी कामी येईन."

त्यानं बुडाला भोक पाडलेलं मडकं बिब्यांनी भरलं, तोंड लिंपलं, वर गोवऱ्या रचून पेटवल्या. खालच्या वाटीत काळा थेंब पडू लागला. बिब्याचा धूरही उततो, म्हणून साहेब जीपजवळ जाऊन उभे राहिले, बाया लेकरं घेऊन पांगल्या. इतवारी खाट मागं ओढायला आला.

"मांगं नोको," वच्छला म्हणाली. "जवळ घे. तेल नाई तं नाई, धूर तरी येऊ दे माह्या वाट्याले."

नागपूरपासून इतवारीनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "वयनी, काय करू?"

खाटेचं एक टोक मी धरलं, एक त्यानं, आणि आम्ही तिला आगीकडे सरकवली.