त्याच्यानंतरची खोली

तीन वर्षांची मैत्री, पण दोघांनी एकमेकांना समोरासमोर कधी बघितलेलंच नाही. शहर एक, दवाखाना एक, आणि आजारही एकच, तिथंच तर घोडं अडलेलं. दोघांनाही जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. म्हणजे छातीत कफ डिंकासारखा चिकटून बसतो आणि त्यात जंतू बिऱ्हाड थाटतात. आपल्यासारख्याला ते जंतू सहसा काही करत नाहीत, पण हा आजार असलेल्या एकाकडून दुसऱ्याकडे गेले की मुक्काम हलवायचं नावच घेत नाहीत. म्हणून या दोघांनी एका खोलीत यायचंच नाही. जे काय ते फोनवर. तो खोकला की फोन दणाणायचा म्हणून तिने त्याला भोंगा केला, आणि ती हाडकुळी म्हणून त्याने तिला चिमटी.

भोंग्याच्या छातीत एक जंतू होता, महाचिवट, कुठल्याच औषधाला दाद न देणारा. चिमटीला तो नव्हता.

एकदा दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. श्वास मोजायच्या यंत्रात फुंकायचं, खोली तीच. त्याची वेळ साडेदहाची, तिची बाराची. भोंग्याने लगेच डोकं चालवलं. "मी खुर्चीखाली चिठ्ठी चिकटवतो. प्लास्टिकच्या पिशवीत, वरून स्पिरिटने पुसून. तू येशील तेव्हा मी घरी. नियम मोडलाच कुठे?"

चिमटीला बारापर्यंत कुठला दम निघतोय? अकराला हळूच आत शिरली, मास्क खाली केला, चिठ्ठी काढली. "तुझ्यासाठी खुर्ची गरम करून ठेवलीय." ती अशी हसली, अशी हसली, की छातीभर श्वास आत गेला.

तेवढ्यात दारात फुंकरताई. म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या बाई.

"तू आत कशी? तो आत्ता दहा मिनिटांपूर्वी गेलाय."

"खुर्ची पुसलीय ना ताई. मी हातपण धुतलेत."

"खुर्ची पुसली गं. हवा कोण पुसणार?" ताईंनी तिला आधी बाहेर ओढलं. "तो इथं बसून दहादा खोकला. ते सगळं अजून तरंगतंय. खिडकी उघडून तासभर खोली रिकामी ठेवायची असते, आणि आज खिडकीच अडकलीय. माणूस बोलवायला गेले तेवढ्यात तू."

डॉक्टर म्हणाले, लागलंच असेल असं नाही, तीन आठवड्यांनी बेडका तपासू. तीन आठवडे! आई एका शब्दानं बोलली नाही, त्यानेच चिमटीचा जीव अर्धा झाला. जरा खोकला आला की ती बाथरूममध्ये जाऊन कफाचा रंग बघायची. भोंग्याला कळवलं, तर त्याचा एकच मेसेज, "माझ्यामुळे." मग फोन बंदच.

तपासणी झाली, पाच दिवस गेले, आणि सकाळी आई पोळ्या लाटत असताना फुंकरताईंचा फोन आला.

"नाही आला गं. त्याचा जंतू नाही, दुसराही कुठला नाही. पुढच्या महिन्यात नेहमीसारखं बघूच, पण डॉक्टर निवांत आहेत."

आई होती तिथंच, पिठाच्या हातांनी खाली बसली. आणि मग जी सुरू झाली! "अक्कल गहाण ठेवली होतीस का? चिठ्ठ्या हव्यात म्हणे! फोन काय शोभेला घेऊन दिलाय?" तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर. चिमटी ऐकत उभी, तोंडभर हसत, त्यामुळे आई आणखीच भडकली.

चिमटीने अकराव्यांदा लावला तेव्हा भोंग्याने फोन उचलला.

"काही नाही निघालं," ती म्हणाली.

पलीकडून नुसतं सूं सूं.

"रडतोयस?"

"कफ आहे."

"डोळ्यांतून?"

"गप गं. मागे कोण ओरडतंय?"

"आई. आज मोकळी झालीय."

"काकूंना दे फोन. माझ्या वाटणीचंही ऐकून घेतो."

चिमटीने फोन पुढे केला. आईने हात पुसले, फोन कानाला लावला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.