मावशींच्या हाताचं दुखणं

उन्नतीच्या पक्षाला खाडीकाठच्या त्या गावात चहा मिळायचा, मत मिळायचं नाही. दर निवडणुकीला बोईसरहून कार्यकर्ते यायचे, देवीच्या देवळासमोर उभं राहून अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचे आणि अनामत गमावून घरी जायचे. लोक बिचारे शांतपणे ऐकून घ्यायचे. पाहुण्याला कोण दुखवतो?

या खेपेला जिल्हा परिषदेची उमेदवारी उन्नतीला मिळाली. ती शिरगावच्या मच्छीमाराची लेक, लग्न होऊन बोईसरला आलेली, शाळेतली नोकरी सोडून राजकारणात पडलेली. तिला हाताला धरून गावात नेलं ते त्याच गावच्या पुष्पलता मावशींनी. मावशी बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीचा धंदा करायच्या, ओळख तिथलीच. नवरा फार वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो परत आला नव्हता. घराघरात त्यांचा वावर, आणि जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी उमेदवाराचे कान उपटले.

"भाषण नको करू. बायका बोंबील टांगतात तिते जाऊन बस. हात चालव नि ऐक. तू लोकांना शाणं करायला आलीस का त्यांचं काम करायला, ते त्यांना आदी कळू दे."

उन्नती जाऊन बसली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी बांबूवर टाकायची, हे तिला जमायला लागलं तशी बायकांची तोंडं उघडली. कारखान्याचं पाणी खाडीत येतं. मासळी वाळवायला धड ओटा नाही. बर्फ दुरून आणावा लागतो. उन्नती देवाधर्माचं अवाक्षर बोलली नाही, ओट्याचं आणि पाण्याचं बोलली. गाव वळायला लागलं. गावचे पंच देवू पाटीलसुद्धा म्हणू लागले, "पोरगी कामाची हाय."

एक शब्द मात्र तिने मावशींना दिला होता. प्रचाराचा नारळ मावशींच्या हातून फुटणार. विधवेने शुभकार्याच्या नारळाला हात लावायचा नाही, ही गावाची रीत. स्वतःच्या मुलाची नवी होडी पाण्यात लोटली तेव्हाही मावशी घरात दार लावून बसल्या होत्या. "तुमीच फोडायचा, मावशी. कोण काय बोलतंय ते मी बघते," उन्नती म्हणाली होती. नारळाच्या दिवशी मावशी नवं लुगडं नेसून आल्या.

देवळासमोर सगळं गाव जमलं होतं. मावशी नारळ घेऊन पायरीपाशी उभ्या होत्या. देवू पाटील पुढे झाले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर उन्नतीला भांडता तरी आलं असतं.

"बाय, तू सवाष्ण हायस, तूच फोड," ते समजुतीने म्हणाले. "आमचा तुला इरोध नाय. पण देवीसमोर रीत मोडलीस तर उद्या तुज्यासाठी मी कोणाच्या दारात जाऊ?"

उन्नतीने गर्दीकडे पाहिलं. ज्या बायकांबरोबर ती बसली होती त्याही खाली बघत होत्या. 'मावशीच फोडतील' एवढंच म्हणायचं होतं. नाहीतर 'माझी हिंमत होत नाही' असं कबूल करायचं होतं. त्यातही थोडी इज्जत होती. पण जिभेला हाड नसतं.

"मावशीच फोडणार होत्या," ती हसून म्हणाली, "पण त्यांचा हात दुकतो ना. म्हणून मी फोडते."

मावशींनी नारळ उजव्या हातात घट्ट धरला होता, आणि ते साऱ्या गावाला दिसत होतं. कुणी हललं नाही. मग मावशींनी नारळ डाव्या हातात घेतला आणि उन्नतीपुढे केला.

"हां," त्या म्हणाल्या. "कालपासून लय दुकतो."

नारळ फुटला, टाळ्या वाजल्या. उन्नतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी जाऊन मावशींचे पाय धरायचे असं तिने ठरवलं, आणि संध्याकाळी ती पुढच्या गावच्या सभेला गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी बोईसरच्या बाजारात आल्या त्या उजवा हात फडक्याने गळ्यात बांधून. आपली उमेदवार खोटं बोलली असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. तशाच त्या तिच्यासाठी दारोदार फिरल्या. बोंबील टांगायला दोन हात लागतात, म्हणून त्यांची मासळी शेजारणींनी टांगली. सोडा ते फडकं, असं उन्नतीला रोज सांगावंसं वाटे. पण रोज कुणीतरी जवळ असे. खरं तर पुष्कळदा कुणी नसेही.

ती निवडून आली, आणि दणदणीत मताधिक्याने. पक्षाच्या लोकांनी बोईसरच्या कचेरीत बोलावून तिला विचारलं, तिथे तू जिंकलीस तरी कशी? "लोकांत बसले, त्यांची कामं हातात घेतली," ती म्हणाली. ते खरंही होतं. म्हणूनच सांगताना तिची मान वर होईना.

गुलाल धुऊन ती मावशींकडे गेली. मावशी ओटीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, डाव्या हाताने भात खात होत्या. ते पाहून उन्नतीला रडू फुटलं. तिने वाकून त्यांचे पाय धरले.

"मावशी, मी चुकले. मला माजीच लाज वाटते."

"वाटते ते बरं हाय," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आता निवडून आलीस. मग देवळासमोर सांगशील ना, की मावशीचा हात चांगला होता? सांगशील तवा मी हे सोडते."

उन्नतीने डोळे पुसले. हो म्हणायलाच तिने तोंड उघडलं होतं.

"सांगते ना, मावशी. फक्त ती ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन जाऊ दे. आलीच हाय ती जवळ."

आपलेच शब्द तिने आपल्या कानांनी ऐकले. अजून ते मागे घेता आले असते. मावशी तिच्या तोंडाकडे बघत थांबल्याही होत्या. उन्नती खालच्या जमिनीकडे बघत राहिली. मग मावशींनी फडक्याची सैल झालेली गाठ दातांत धरून पुन्हा आवळली, आणि ताटातला उरलेला भात डाव्या हाताने खाऊन संपवला.