पांढऱ्यात काय बघायचं

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सगुणाबाईंना, कुठलीही जागा दुसऱ्यांदा बघावीशी वाटत नाही. महाबळेश्वरला गेलो तर धुकं होतं. "आदी रस्ता तरी दिसू दे, मंग पॉइंट," म्हणाल्या. गोव्याचा समुद्र ठाण्याच्या खाडीपेक्षा मोठा आहे एवढं त्यांनी मान्य केलं, पण मासे आळणी निघाले. शिमल्याला हॉटेलच्या पायऱ्या बघून त्यांनी विचारलं, "परत उतरायचंच हाय तर चढायचं कनाला?" प्रत्येक सहलीनंतर कोपरीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्या शेजारच्या रंगूबाईंना निकाल सांगतात, "पायलं. आता पुन्ना नको."

मी डोंबिवलीतल्या कोपरची. कुठे जायचं ठरलं की त्या जागेबद्दल लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं सगळं वाचून काढते. कोणाला खोली लहान वाटलेली असते, कोणाला उंटवाल्याने घाई केलेली असते, कोणी परत कधीही येणार नाही अशी शपथ घेतलेली असते. असल्या कुरकुऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. माझ्या नवऱ्याचं, देवेशचं, म्हणणं असं की तसलंच एक माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून मेथी निवडत असतं, म्हणून तो येतो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी आईंना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची, आणि ती किती टिकेल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर आईंनी माझ्या हातातली थेंबांची बाटली घेतली, डोळ्यांजवळ नेऊन तिचं निळं झाकण बराच वेळ बघितलं आणि ती देवघरात ठेवली. मला इतकं भरून आलं की मी आत जाऊन उगाच कुकर लावला. शिट्ट्या होईपर्यंत माझं ठरलं होतं. नजर आहे तोवर या बाईला अशी एक जागा दाखवायची, की ती आपणहून म्हणेल, इथं परत यायचं.

मी कच्छचं पांढरं रण निवडलं. लोकांनी भरभरून लिहिलं होतं. क्षितिजापर्यंत पांढरंशुभ्र, जन्मात एकदा तरी बघावं असं. शिवाय चढ नाही, पायऱ्या नाहीत. देवेशने फोटो बघून विचारलं, "हे मीठ आहे ना गं?" मी म्हटलं, "वाळवंट आहे." त्याने मान डोलावली. मी ठाम बोलले की तो मान डोलावतो.

एक गोष्ट मी विसरले होते, आणि कोपरीतलं शेंबडं पोरही ती विसरलं नसतं. आईंचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्यांनी मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. पुढे मिठागरं बंद झाली, जमिनींना भाव आला, घरावर मजले चढले, तेव्हा कुठे त्या सावलीत बसल्या. अशा बाईला मी एवढा प्रवास घडवून मीठ दाखवायला निघाले होते.

रणात पोचलो तेव्हा दुपार कलत आली होती, पण ऊन चांगलंच होतं. लोक बूट घालून मिठावर उड्या मारत फोटो काढत होते. आई रस्ता संपतो तिथे थांबल्या आणि त्यांनी चपला काढल्या.

"आई, टोचेल. घाला चपला."

"मिठाव चपला घालून नाय चालत, बाय."

घरात चिमूटभर मीठ सांडलं तरी आई ते बोटाने टिपून घेतात, त्यावर कोणाचा पाय पडू देत नाहीत. मिठागरातही त्या सगळ्या बायका अनवाणीच उतरायच्या. मग मीही सँडल काढल्या. दोघींची पायताणं हातात धरून देवेश मागे उभा राहिला.

आई माझा दंड धरून झपाझप निघाल्या. पायांना ओळख पटली असावी. वाकून त्यांनी एक खडा उचलला आणि जिभेला लावला.

"ह्ये कुनी काढीत नाय का?"

"नाही, लोक नुसतं बघायला येतात."

"मीठ?"

"हो."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. आम्ही आणखी पुढे गेलो. माणसं मागे राहिली. समोर, बाजूला, जिकडे बघावं तिकडे तो एकच रंग होता. एकाएकी आईंनी माझा दंड घट्ट आवळला.

"ऋतिका."

एरवी त्यांच्या तोंडी मी बाय असते. "काय झालं, आई?"

"सगलं पांढरं दिसतंय." त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "ह्ये माज्या डोल्यांचं हाय, का खरंच पांढरं हाय?"

आपण या बाईला कुठे आणून उभं केलं, ते मला तेव्हा कळलं.

"खरंच पांढरं आहे," मी म्हटलं. "मलाही दुसरं काही दिसत नाही."

"शपथ?"

"तुमची शपथ."

त्यांची पकड सैल झाली आणि त्या तिथेच मिठावर बसल्या. "मना वाटलं, नजर जेली," म्हणाल्या. मी शेजारी बसून सरळ रडायला लागले. आईंनी पदराने माझे डोळे पुसले आणि वर मलाच सुनावलं, "खारं पानी कनाला वाया घालवतंस. हितं आदीच लय हाय."

परतीच्या वाटेवर त्यांनी निकाल दिला. "हितं डोलं असलं काय, नसलं काय, सारकंच. हितं मना परत नको आनू."

"मग तुम्हाला बघायचंय तरी काय?"

आईंनी बराच विचार केला. "रंग," म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पुन्हा कामाला लागले. फुलांच्या दऱ्या हिमालयात निघाल्या, तिथवर आईंचे गुडघे पोचणार नव्हते. बागांचे मोसम संपले होते. शेवटी नवरात्रात देवघरात झेंडूची माळ घालताना मला माझ्या माहेरची एक सकाळ आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझी आई मला ओढत कल्याणच्या फूलबाजारात न्यायची. सडक्या पानांचा चिखल, धक्के, फ्रॉकला चिकटलेल्या पाकळ्या. त्या जागेबद्दल कोणी मला लिहायला सांगितलं असतं, तर परत कधीही येणार नाही ही शपथ मीच घेतली असती. लग्नानंतर मी तिकडे फिरकलेही नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी देवेशने गाडी काढली. चिखल तसाच होता, धक्केही तसेच. आईंना सांभाळत मी मनात स्वतःला शिव्या घालत होते. मग एक वळण घेतलं आणि समोर ताडपत्र्यांवर फुलांच्या कमरेएवढ्या राशी लागल्या. आई थबकल्या.

"यो केशरी," म्हणाल्या.

"हो."

"त्यो पिवला."

"हो, आई."

"आनि ती तिकरं हाय, ती जांभली."

"जांभळीच. त्या फुलाला..."

"नाव ऱ्हाऊ दे. रंग बरोबर ना?"

"बरोबर."

पुढे पांढऱ्या शेवंतीची रास होती. मी तिकडे बोट दाखवलं, तर त्यांनी बघितलंही नाही. "ती नको," म्हणाल्या. मला हसू आलं, आणि हसताना परत डोळे भरले.

आई केशरी राशीपाशी खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत झेंडूत घातले. फूलवाल्याने विचारलं, "मावशी, किती देऊ?" त्या म्हणाल्या, "बगतंय रं अजून." त्यांचा चेहरा राशीच्या इतका जवळ होता की नाकाला पाकळ्या लागत होत्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"हितं मना परत आनशील, बाय?"

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. "आणीन ना," मी म्हटलं. "दिवाळीला येऊ, तेव्हा तर याहून जास्त फुलं असतात."

आईंनी झेंडूतले हात काढले नाहीत.

"दिवाली लांब हाय," त्या म्हणाल्या. "उद्या आन."

दुसऱ्या दिवशी घरात पूजा होती, पाहुणे येणार होते, पुरण शिजायचं होतं. मी त्यांच्या शेजारी चिखलात बसले आणि म्हटलं, "उद्या येऊ."